घोडं कुठे पेंड खातं?

चांगला ५०० किलोचा घोडा ४६० वर येतो. बरगड्या लांबूनही मोजता येतात, पाठीचा कणा वर दिसू लागतो, पुठ्ठे बसतात. मग पागेत जो येतो तो एकच सल्ला देऊन जातो : चंदी वाढवा.

हिशेबही सरळच वाटतो. तूट ४० किलोची आहे. घोड्याच्या अंगावर एक किलो वजन चढायचं तर रोजच्या गरजेच्या वर साधारण २० हजार किलोकॅलरी पोटात जाव्या लागतात. म्हणजे ४० किलोंसाठी ८ लाख किलोकॅलरी. दिवसाला २ हजार किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाचं हे ४०० दिवसांचं जेवण झालं, आणि तेही घोड्याचं रोजचं खाणं बाजूला ठेवून. रोजचं खाणंही काही कमी नाही. काही काम न करता नुसतं जगायला ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला सरासरी १६,७०० किलोकॅलरी लागतात.

आता हा आठ लाखांचा डोंगर खाण्याबाबत चोखंदळ असलेल्या घोड्यापुढे ठेवून बघा. तो घमेल्यात नाक घालतो. वरच्या ओठाने दाणा चाळतो. हा ओठ इतका हुशार असतो की ओटांत मिसळलेली खनिजांची पूड तो अलगद तळाशी ठेवतो आणि वरचे दाणे तेवढे उचलतो. दोन-चार घास झाले की मान वर करतो, पाण्याकडे जातो, परत येतो, हुंगतो आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मालक म्हणतो, ‘भारी नखरे आहेत याचे.’

पण घासाबरोबर घोड्याच्या आत शिरून प्रत्येक टप्प्यावर आकडे मांडत गेलं, तर वेगळंच काही हाती लागतं. हडकुळ्या घोड्याला बहुतेक वेळा किलोंची टंचाई नसते, तासांची असते. दिवसभर हळूहळू गवत चावण्यासाठी बनलेल्या जनावराचं खाणं आपण आपल्या सोयीने दोन-तीन वेळांत उरकून टाकतो, आणि मग घोडा खात नाही म्हणून त्यालाच बोल लावतो.

बत्तीस हजार चावे

एक किलो वाळकं गवत संपवायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात. तेवढ्यात त्याचा जबडा ३,००० ते ३,५०० वेळा फिरतो. एक किलो ओट मात्र दहा मिनिटांत, हजारभर चाव्यांत गट्ट होतात. दिवसाला दहा किलो गवत खाणारा घोडा अशा रीतीने सुमारे ३२ हजार वेळा चावतो आणि त्यात त्याचे जवळजवळ पावणेसात तास जातात. कुरणात मोकळा सोडलेला घोडा तर दिवसाचे सोळा-सोळा तास तोंड खाली घालून चरत असतो.

गाई-म्हशींना रवंथाची सोय आहे. घाईघाईने गिळलेलं त्या निवांतपणे पुन्हा तोंडात आणतात. घोड्याला ही दुसरी संधी नाही. जे काय चावायचं ते पहिल्याच खेपेला. त्याची लाळही वेगळ्या स्वभावाची. खाण्याचा वास आला, घमेल्याचा आवाज झाला म्हणून ती सुटत नाही. जबडा फिरेल तेव्हाच पाझरते. एक किलो गवताबरोबर साधारण चार लिटर आणि एक किलो धान्याबरोबर जेमतेम दोन लिटर. गवतावरच्या घोड्याची लाळ दिवसाला ३५ ते ४० लिटर भरते. ही लाळ अल्कधर्मी असते आणि पोटातलं आम्ल निववण्याचं काम तिच्याकडे असतं.

‘चंदी वाढवा’ हा सल्ला आता याच मापाने मोजू. समजा, रोजचं चार किलो गवत काढून त्याऐवजी चार किलो ओट घातले. गवतात किलोला २ हजार आणि ओटांत ३ हजार किलोकॅलरी धरल्या, तर दिवसाला ४ हजार किलोकॅलरी वाढल्या. जमेच्या बाजूला एवढंच. खर्चाच्या बाजूला जवळपास नऊ हजार चावे गेले, चावण्याचे दोन तास गेले आणि आठ लिटर लाळ आटली. हा खर्च कुठल्याच पोत्यावर छापलेला नसतो.

एका चाव्याला एक-दोन अणू

दिवसाचे ३२ हजार म्हणजे वर्षाचे १ कोटी १७ लाख चावे. गवतात सिलिका असते, चरताना मातीही तोंडात जाते. एवढं दळण दळणारा दात झिजणारच. म्हणून घोड्याचे दात लांबलचक असतात. तरण्या घोड्याच्या दाढेची बहुतेक लांबी हिरडीच्या आत दडलेली असते आणि ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर या गतीने वर सरकत राहते. जेवढी झीज, तेवढा पुरवठा.

तीन मिलिमीटरला १ कोटी १७ लाखांनी भागा. एका चाव्यामागे मिलिमीटरचा सुमारे चाळीस लाखावा भाग झिजतो. ही जाडी एखाददुसऱ्या अणूची. घोड्याची दाढ अशी अणूअणूने संपत जाते. आठ सेंटीमीटरच्या दाढेला वर्षाला तीन मिलिमीटर या हिशेबाने सत्तावीस-एक वर्षं पुरवठा असतो. विशीच्या पुढचे घोडे वाळायला लागतात, त्यात या शिल्लक राहिलेल्या मिलिमीटरांचा मोठा हात असतो.

झीज सारखी झाली तर ठीक. पण घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड न झिजता सुरीसारखी धारदार होते. मग गाल सोलतात, जिभेला जखमा होतात. घोडा चावायला घाबरतो आणि आपण त्याला चोखंदळ ठरवतो.

याचा पुरावा गव्हाणीखाली पडलेला असतो. अर्धवट चावलेल्या गवताचे ओले, चपटे, बोटभर लांबीचे गोळे. एखादा उचलून उलगडला तर आत काड्या जवळजवळ सबंध सापडतात. तोंडात घोळवून, चावता न आल्याने टाकून दिलेला तो घास असतो. लिदीतही लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसू लागतात. अशा वेळी चंदी दुप्पट केली तरी ती निम्मी जमिनीवर आणि निम्मी लिदीत जाणार. वर्षातून एकदा जाणकाराने जबडा उघडून, हात घालून दाढा तपासणं आणि धार घासून काढणं हे कुठल्याही महागड्या खाद्याच्या आधीचं काम आहे. दाढा संपतच आलेल्या म्हाताऱ्या घोड्याला वैरण बारीक करून, भिजवून, लापशीसारखी करून द्यावी लागते.

रात्रीचे दहा तास

एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर किती मोठं असावं? फक्त ८ ते १५ लिटर. गाईच्या पहिल्या पोटातच शंभर लिटरच्या वर ऐवज मावतो. घोड्याच्या सबंध पचनमार्गात जठराचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. थोडं आलं, पुढे सरकलं, पुन्हा थोडं आलं, अशा चालीसाठी ते बनलेलं आहे. घोड्याला उलटीही करता येत नाही, म्हणजे जास्त झालं तर परतीची वाटही नाही.

माणसाच्या जठरातलं आम्ल जेवणाच्या वेळी जोर करतं. घोड्याच्या जठरात ते चोवीस तास झरतं, पोट भरलेलं असो वा रिकामं. जठराच्या खालच्या भागाला आम्लापासून वाचवणारा थर असतो, वरच्या भागाला तो नसतो. तिथे संरक्षण दोघांचंच : गवताचा गादीसारखा थर आणि लाळ.

संध्याकाळी सहाला तीन किलो गवत टाकलं. किलोला ४० मिनिटं धरली तर आठला ते संपलं. सकाळचा रतीब सहाला. मधले दहा तास जबडा बंद, लाळ बंद, आम्ल मात्र चालू. पागेचं वेळापत्रक अगदी काटेकोर पाळूनही घोडा रोज रात्री दहा तास आपल्याच आम्लात उभा असतो.

याचा परिणाम किती घोड्यांवर होतो? तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकावाटे जठरात सोडून शर्यतीच्या घोड्यांची तपासणी झाली, तेव्हा अनेक अभ्यासांत दहांपैकी आठ-नऊ घोड्यांच्या जठरात व्रण सापडले. अशा घोड्याची खूण ओळखीची असते. चंदी पुढे आली की दोन घास खाऊन थांबतो, गवताकडे मात्र तोंड नेतो. दाणा पोटात गेला की दुखतं आणि गवताने आराम पडतो, हे त्याला कळलेलं असतं. नखरा म्हणून आपण ज्याकडे बघतो, तो त्याने स्वतःवर चालवलेला उपचार असतो.

उपचाराचा आकडाही डोळे फिरवणारा आहे. माणसाला आम्लपित्तासाठी मिळणारी ओमेप्राझोलची नेहमीची गोळी २० मिलिग्रॅमची. घोड्याचा डोस किलोला ४ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला २ हजार मिलिग्रॅम. माणसाच्या शंभर गोळ्या रोज, सहसा चार आठवडे. औषध पशुवैद्याच्या हातचं. रात्रीच्या दहा तासांवरचा इलाज मात्र मालकाच्या हातात आहे : बारीक भोकांच्या जाळीत भरलेलं भरपूर गवत.

बावीस मीटर, सव्वा तास

जठराच्या पुढे लहान आतडं. लांबी सुमारे २२ मीटर, पण वेग असा की मिनिटाला ३० सेंटीमीटर या गतीने अन्न सव्वा तासात पार होतं. धान्यातला स्टार्च याच टप्प्यात पचायला हवा. घोड्याची ही क्षमता तोकडी आहे. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅम स्टार्च, ही सांभाळून राहण्याची मर्यादा मानतात. ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी अर्धा किलो स्टार्च. ओटांत स्टार्च ४५ टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे एका वेळी फार तर किलोभर ओट.

आता घाई करणाऱ्या मालकाचा हिशेब बघा. त्याला ४० किलो वजन दोन महिन्यांत हवं आहे. आठ लाखांना ६० ने भागलं की दिवसाला सुमारे १३,३०० किलोकॅलरी जादा. ओटांत मोजलं तर रोज जवळजवळ साडेचार किलो. आधी तीन किलो चालू असतील तर झाले साडेसात किलो, आणि त्यात स्टार्च तीन किलोंच्या वर. अर्धा किलोची मर्यादा पाळायची तर दिवसातून सात वेळा चंदी द्यावी लागेल. प्रत्यक्षात ती दोनदा मिळते. पी हळद आणि हो गोरी या घाईत दर वेळी मर्यादेच्या तिप्पट स्टार्च आत जातो, आणि जो पचत नाही तो पुढे ढकलला जातो.

पुढे कोण बसलेलं आहे, ते बघितल्याशिवाय या चुकीचं गांभीर्य कळणार नाही.

कोटी गुणिले कोटी

लहान आतड्यानंतर येतं ते शंभर लिटरहून मोठं कोठार, आंत्रपुच्छाच्या जागचं भलंमोठं अंधांत्र आणि त्याला लागून मोठं आतडं. पचनमार्गाची जवळजवळ दोन तृतीयांश जागा याच भागाने व्यापलेली असते. इथल्या प्रत्येक मिलिलिटरात जीवाणूंची संख्या अब्जांत असते. अगदी कमीत कमी धरून मिलिलिटरला एक अब्ज म्हटलं, तरी शंभर लिटरमध्ये एकावर चौदा शून्यं एवढे जीवाणू झाले. कोटीला कोटीने गुणलं की हा आकडा येतो.

गवतातले तंतू पचवणारा कुठलाही पाचकरस घोड्याकडे नाही. ते काम या कोटी-कोटींचं. ते तंतू आंबवतात, त्यातून मेदाम्लं तयार होतात आणि गवतावर जगणारा घोडा निम्म्याहून जास्त ऊर्जा त्यांच्यापासून मिळवतो. लहान आतड्यातून सव्वा तासात धावत आलेलं अन्न इथे दीड-दोन दिवस मुक्काम करतं.

न पचलेला स्टार्च इथे येऊन पडला की जीवाणूंचा तोल ढळतो. स्टार्चवर वाढणारे माजतात, आम्ल वाढतं, तंतू पचवणारे मरू लागतात. घोड्याची भूक जाते, लीद पातळ होते. प्रकरण हाताबाहेर गेलं तर पोटशूळ उठतो किंवा खुरांत सूज येऊन घोडा कायमचा लंगडतो. वजन वाढवायला घातलेल्या ओटांनी गवतातून मिळणारी ऊर्जाही बुडवलेली असते. म्हणूनच कुठलंही नवं खाद्य एकदम बदलायचं नसतं, दहा ते चौदा दिवस घेऊन मूठ-मूठ वाढवायचं असतं. या एवढ्या मोठ्या वस्तीला नव्या धंद्याला लागायला तेवढा वेळ लागतोच.

या वस्तीत फुकटे भाडेकरूही असतात. जंतांच्या तपासणीत लिदीच्या एका ग्रॅममध्ये ५०० अंडी निघाली, तर आकडा किरकोळ वाटतो. घोडा दिवसाला २० किलो लीद टाकतो. वीस हजार ग्रॅम गुणिले पाचशे, म्हणजे रोज एक कोटी अंडी कुरणात. गंमत अशी की, कळपातल्या साधारण वीस टक्के घोड्यांकडून ऐंशी टक्के अंडी येतात. त्यामुळे सरसकट जंतनाशक पाजण्याआधी लीद तपासून त्या वीस टक्क्यांत आपला घोडा आहे का, ते बघणं शहाणपणाचं.

दारूगोळ्याहून जड

मग वजन वाढवायचं कशाने? पहिलं उत्तर कंटाळवाणं आहे : चांगल्या गवताने. वेळेवर, कोवळेपणी कापलेल्या गवतात किलोला २,२०० किलोकॅलरी असतील, तर जून होऊन, बी गळून गेल्यावर कापलेल्यात १,७०० च. आठ किलोंमागे दिवसाला ४ हजार किलोकॅलरींचा फरक पडतो. ओटांच्या सव्वा किलोहून जास्त ऊर्जा नुसती गंजी बदलल्याने मिळते, आणि एक चावाही कमी होत नाही. जोडीला थोडी लसूणघास दिली तर प्रथिनं मिळतात आणि तिच्यातलं कॅल्शियम जठरातलं आम्लही निववतं.

गवताची अडचण एकच, त्याचा पसारा. घोडा रोज वजनाच्या दोन टक्के सुकं खाद्य खातो असं धरलं, तर ४०० किलोच्या घोड्याला आठ किलो. दहा हजार घोड्यांच्या फौजेला रोज ८० टन. १७६० च्या अखेरीस पानिपतावर मराठी फौजेची रसद तुटली, तेव्हा माणसांबरोबर घोडीही उपाशी पडली. १४ जानेवारी १७६१ ला रणात उतरलेली जनावरं कित्येक दिवसांची भुकेली होती. पुढे पहिल्या महायुद्धात आगगाड्या आणि आगबोटी हाताशी असलेल्या ब्रिटनलाही हा पसारा चुकला नाही. लढाईनंतर त्यांनीच छापलेल्या आकडेवारीनुसार फ्रान्सला सुमारे ५२ लाख टन दारूगोळा गेला आणि दाणावैरण गेली सुमारे ५४ लाख टन. तोफांच्या युद्धात तोफगोळ्यांपेक्षा घोड्यांचा चारा जड भरला.

शेळी, कुत्रा आणि माकड

गवत उत्तम, दाढा ठीक, जठर साफ, जंत नाहीत आणि तरीही घोडा वाळतोच आहे, असंही होतं. त्याचं उत्तर कधी कधी पोटात नसून डोक्यात असतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने २००७ साली घोड्यांच्या आहाराची जी मानकं प्रसिद्ध केली, त्यांत नुसतं जगण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचे तीन आकडे आहेत. शांत, बसक्या स्वभावाच्या ५०० किलोच्या घोड्याला १५,२०० किलोकॅलरी, मध्यम स्वभावाच्याला १६,७०० आणि सतत चुळबुळणाऱ्याला १८,२००. शांत आणि अस्वस्थ यांत रोजचा फरक ३ हजारांचा. एक किलो ओट घोडा फक्त काळजी करण्यात जाळतो. वर्षाचे झाले १० लाख ९५ हजार, म्हणजे पन्नासहून जास्त किलो वजन.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला शर्यतीचा घोडा सीबिस्किट. ऑगस्ट १९३६ मध्ये चार्ल्स हॉवर्ड यांनी हा घोडा ८ हजार डॉलरला घेतला. वाकड्या गुडघ्यांचा, खूप पळवलेला, आणि हवा त्यापेक्षा २०० पौंडांनी म्हणजे सुमारे ९० किलोंनी हलका. आपल्या हिशेबाने तूट १८ लाख किलोकॅलरींची. खाद्य समोर पडलेलं असे आणि तो तबेल्यात येरझारा घालत राही. लॉरा हिलेनब्रँड यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात प्रशिक्षक टॉम स्मिथ यांनी यावर काय केलं, ते आलं आहे. त्यांनी सोबतीला आधी व्हिस्कर्स नावाची शेळी आणली. सीबिस्किटने तिला दातांत धरून हलवलं आणि दाराबाहेर टाकलं. मग आला पम्किन, निवांत स्वभावाचा पिवळट घोडा. हे दोघे जमले. स्मिथ यांनी दोन ठाणांमधली भिंत पाडून टाकली. मागोमाग पोकाटेल नावाचा भटका कुत्रा आणि जो-जो नावाचं माकडही मुक्कामाला आलं.

येरझारा थांबल्या. घोडा खाऊ लागला, भरला, धावला. ८९ शर्यतींत ३३ वेळा जिंकून निवृत्त झाला तेव्हा त्याची कमाई ४ लाख ३७ हजार ७३० डॉलर होती. स्मिथ यांच्या गोटात १८ लाख किलोकॅलरींचं कोडं सुटलं, त्याची सुरुवात घमेल्यापासून झाली नाही. कळपाने राहणाऱ्या जनावराला आधी कळप मिळाला, आणि येरझाऱ्यांत जाणारे तास चावण्याला परत मिळाले.

मेथी पहिली

एवढं सगळं झाल्यावर चवीकडे वळायला हरकत नाही. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ घोड्यांना पंधरा वेगवेगळ्या चवींचं खाद्य देऊन पाहिलं. २००५ साली निकाल प्रसिद्ध झाला. घोडा म्हणजे गाजर आणि सफरचंद, अशी समजूत असलेल्यांना तो चक्रावून टाकणारा होता. पहिली आली मेथी. दुसरं केळं. जिऱ्याने पाचवा नंबर पटकावला आणि गाजर सहाव्यावर राहिलं. खनिजांच्या गोळ्यांना मेथी किंवा केळ्याची चव दिली, तर घोड्यांनी त्या लवकर संपवल्या. तळाशी पूड ठेवणाऱ्या घोड्याला चिमूटभर मेथीपूड लावून बघायला म्हणूनच काही हरकत नाही. आपल्याकडे ती डब्यात असतेच.

दुसरं हुकमी साधन तेल. घोड्याला पित्ताशय नसतं, पण यकृतातून पित्त सतत झिरपत असतं, त्यामुळे तेल त्याला चांगलं पचतं. तेलात किलोला ९ हजार किलोकॅलरी, ओटांच्या तिप्पट, आणि स्टार्च शून्य. अर्धा लिटर तेलात ४ हजारांच्या वर किलोकॅलरी येतात. मात्र पहिल्याच दिवशी अर्धा लिटर ओतलं तर चोखंदळ घोडा घमेल्याला तोंडही लावणार नाही आणि लावलं तर पोट बिघडेल. दोन चमच्यांनी सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत चढवत नेलेलं तेल त्याच्या लक्षातही येत नाही. तेल वाढवलं की ई जीवनसत्त्वाची जोडही द्यावी लागते.

तेवीस दिवसांना एक सेंटीमीटर

आता आठ लाख पुन्हा मांडू, पण सहा महिन्यांवर. १८० ने भागलं की दिवसाला सुमारे ४,४०० किलोकॅलरी जादा. चांगलं गवत आणि थोडं तेल यांत ते आरामात बसतात. एक मूठही ओट वाढवावे लागत नाहीत.

या गतीने वजन रोज २२० ग्रॅमच्या आसपास चढेल. पण घोडा दिवसाला २० किलो लीद टाकतो, ३० लिटर पाणी पितो आणि त्याच्या पोटात कोणत्याही क्षणी शंभर लिटर ऐवज हिंदकळत असतो. रोज काट्यावर उभं केलं तर हे २२० ग्रॅम त्या उलाढालीत कुठे दिसायचेही नाहीत. बघणारा आठ दिवसांत धीर सोडतो आणि चंदीकडे हात जातो. अनेक प्रयत्न वाया जातात ते इथेच.

त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि ११,८८० ने भागायचं. घेर १८२ आणि लांबी १६५ असेल तर उत्तर येतं ४६० किलो. घेर १८३ झाला की ४६५. म्हणजे एक सेंटीमीटर म्हणजे पाच किलो. ५०० किलोला घेर लागतो जेमतेम १९०. आठ लाख किलोकॅलरी, चारशे दिवसांचं जेवण, हे सगळं टेपवर आठ सेंटीमीटरहून कमी जागेत मावतं. सहा महिन्यांचा बेत असेल तर साधारण तेवीस दिवसांना एक सेंटीमीटर. दर तीन आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच माणसाने माप घ्यायचं. मध्ये नाही.

मधल्या दिवसांत पागेतल्या फळ्यावर लिहायचा आकडा वेगळा आहे : रात्रीचं गवत किती वाजता संपलं. तिथे आठ लिहिलेलं असेल तर दहा तास वाया चालले आहेत. जाळी मोठी करा, भोकं बारीक करा, गवत वाढवा. आठाचे अकरा होतील, अकराचे दोन, दोनाचे पाच. तो आकडा पहाटेला जाऊन भिडत नाही, तोवर ओटांचं नवं पोतं फोडू नका.